धूपगडावरचं मीठ

लोक पचमढीला हवा खायला जातात, आमचे हे तिथं हवा मोजायला जायचे. वेंगुर्ल्याला माहेरी मी तसं पत्रानं कळवलं, तर आईनं उलट टपाली विचारलं, "जावईबापूंची तब्येत बरी आहे ना?" कप्पाळ माझं! तिला काय सांगणार, मलाच धड कळत नव्हतं.

छप्पन साली राज्यांची उलथापालथ झाली. नागपूरची राजधानी गेली आणि कपाटं, फायली, टाइपरायटर, बायकापोरं असे आम्ही सगळे भोपाळला येऊन पडलो. हे सरकारी प्रयोगशाळेत रसायनाचं काम करणारे, बी.एस्सी., तेही तिसऱ्या वर्गात. त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असायची. लग्नात हातात हात दिला तेव्हा मला वाटलं होतं, मेला हा माणूस हातसुद्धा धुवून आलेला नाही. नंतर कळलं, सिल्व्हर नायट्रेट नावाचं औषध असतं, त्याचा डाग साबणानं जात नाही.

आमचं टी. टी. नगर तेव्हा नगर कसलं, फक्कीच्या रेघा मारलेला माळ होता. क्वार्टरच्या भिंती ओल्या, दारं लागत नाहीत, आणि पाण्याचा नळ सकाळी एक तास. शेजारी शशिकला, तिचा नवरा सचिवालयात. ती पक्की नागपूरकरीण, पहिले सहा महिने सीताबर्डीची आठवण काढून रडायची. मी रडले नाही. मी चिडायचे. वेंगुर्ल्याहून नागपूर, नागपूरहून भोपाळ, दर खेपेला समुद्र आणखी लांब. शशिकला मला कौतुकानं बडा तालाब दाखवायला घेऊन गेली. मी म्हटलं, भरती कधी येते याला? तांगेवाला हसला. "बाई, ये ताल है, ये कईं नी आता-जाता." मी घरी येऊन यांच्यावर तोंडसुख घेतलं, की असल्या न हलणाऱ्या पाण्याच्या गावात आणून टाकलंत मला. हे गप्प. यांचं गप्प बसणं म्हणजे उत्तरच असायचं, फक्त ते काय असायचं ते मला कळायचं नाही.

त्याच सुमाराला हे काम निघालं. यांचे साहेब बक्षी म्हणून होते, विलायतेत शिकून आलेले. त्यांच्या डोक्यात आलं, की शहरापासून, गिरणीच्या धुरापासून लांब अशा उंच डोंगरावर हवेत काय काय तरंगतं ते मोजायचं. धूळ, काजळी, क्षार. त्यासाठी पचमढीजवळचा धूपगड, सातपुड्याचा सगळ्यांत उंच डोंगर. ही कामगिरी यांच्यावर आली. कारण उघड होतं. बाकीचे एम.एस्सी. झालेले लोक पिपरियाला रात्रीच्या गाडीनं उतरायला आणि गव्यांच्या वाटेनं डोंगर चढायला कशाला तयार होतील?

काम असं. वर वनखात्याच्या चौकीत पंधरा दिवस राहायचं. हातानं फिरवायचा एक पंप, त्याच्या तोंडाशी पांढरा फिल्टर पेपर. रोज चार-चार तास पंप फिरवायचा, म्हणजे हवा कागदातून जाते आणि तिच्यातलं जे काही असतं ते कागदावर राहतं. कागद चिमट्यानं काढून पाकिटात घालायचा, पाकीट लाकडी पेटीत. भोपाळला आल्यावर तो कागद शुद्ध पाण्यात भिजवून त्या पाण्यात काय उतरलं ते पाहायचं. प्रयोगशाळेवर छप्पर अजून चढायचं होतं, म्हणून पेटी भरायचं काम आमच्याच मागच्या खोलीत चालायचं. हे सोवळ्यातल्या भटजीसारखे उघडे बसून, हात तीनदा धुवून, चिमट्यानं कागद मोजायचे. मला आणि आमच्या तीन वर्षांच्या विजयला उंबऱ्याच्या आत यायची बंदी. "पेटीला हात लावायचा नाही हं," एवढं एकच वाक्य ते मला दरडावून म्हणाले असतील सगळ्या संसारात.

आणि मी लावला.

आता काय म्हणू! माणूस पहिल्यांदा निघाला होता, जंगलात, एकटा. शशिकलेच्या नवऱ्यानं आदल्याच दिवशी बिबट्याच्या गोष्टी सांगून माझी झोप उडवली होती. आमच्या घरात रीत होती, कुणी लांब निघालं की मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची आणि त्यातलीच मूठभर पुरचुंडी बांधून ट्रंकेच्या तळाशी सरकवायची. मीठ दृष्ट ओढून घेतं. परत आल्यावर पुरचुंडीतलं मीठ विरघळलेलं असलं, तर समजायचं संकट आलं होतं आणि गेलं. ओवाळून घ्यायला हे तयार असायचे, हसत उभे राहायचे. पण ट्रंक नव्हतीच, एक पिशवी आणि ती पेटी. पिशवीत ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी काढून टाकली असती यांनी. पेटीच्या आत फ्लॅनेल ठोकलेलं होतं, एका कोपऱ्यात बारीक खिळा निघाला होता. हे आंघोळीला गेले तेवढ्यात मी त्या फटीतून पुरचुंडी आत सारली आणि फ्लॅनेल बोटानं सपाट केलं. चांगलं मूठभर खडेमीठ होतं.

मार्चमधली ती खेप नीट झाली. पुरचुंडी जशीच्या तशी परत आली, कोरडी ठणठणीत. म्हटलं, संकट आलंच नाही. जुलैत गेले, तेव्हा वर धो धो पाऊस, चौकीत शेवाळ, कपडे पंधरा दिवस वाळले नाहीत. परत आले ते खोकत. मी संधी साधून कोपऱ्यात हात घातला, तर पुरचुंडीत नुसत्या मोहऱ्या! फडकं ओलं, मीठ गडप. अगबाई, माझ्या अंगावर काटा आला. केवढं मोठं संकट टळलं असेल! चुलीत मोहऱ्या टाकल्या आणि देवाला साखर ठेवली.

चार दिवसांनी हे ऑफिसातून आले ते जवळजवळ धावत. चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "अगं, तुझा समुद्र धूपगडापर्यंत येतो!"

मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

"मार्चच्या कागदांत मीठ नावालाच आहे," हे म्हणाले, "आणि जुलैच्या कागदांत सातपट! पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. समुद्राच्या लाटा फुटतात, त्यांचे कण वर उडतात, पाणी वाळून जातं आणि मीठ वाऱ्याबरोबर चालत येतं. दोनशे कोस! बक्षीसाहेबांनी तीनदा आकडे तपासले."

नकाशा आणला होता त्यांनी. त्यावर लाल पेन्सिलीनं एक रेघ, धूपगडापासून खाली समुद्रापर्यंत. समुद्राकडचं टोक त्यांनी कुठं टेकवलं होतं सांगू? वेंगुर्ल्यावर. मुंबई चालली असती, सुरत तर जवळ पडली असती. पण रेघ वेंगुर्ल्याला. बक्षीसाहेबांनी विचारलं म्हणे, ये कौन सी जगह है, तर हे म्हणाले, बंदर आहे. आमच्या यांनी मला कधी गजरा आणला नाही, सिनेमाला नेलं तर मध्यंतरात पेपर वाचत बसायचे. त्या माणसानं माझ्यासाठी समुद्र शोधून आणला होता. मी त्या दिवसापासून भोपाळला नावं ठेवायचं सोडलं. पश्चिमेकडून वारा आला की अंगणात उभी राहायचे. शशिकला म्हणायची, "काय गं, वेड लागलं का तुला?"

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. मेमध्ये मीठ कमी, ऑगस्टमध्ये भरपूर. पुरचुंडी मी दर खेपेला ठेवतच होते, न ठेवून कसं चालेल? मग बक्षीसाहेबांनी यांना दिल्लीच्या परिषदेत पेपर वाचायला सांगितलं. तिथं मोठमोठे लोक येणार होते. पेपर पसंत पडला तर धूपगडावर कायमचं केंद्र होणार, आणि त्याचे प्रमुख हे. तिसऱ्या वर्गातला माणूस! पचमढीला बंगली मिळणार होती. यांना आयुष्यात दुसरी अशी संधी येणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

निघायच्या आधीचा रविवार. जानेवारीतलं ऊन अंगणात छान पडलं होतं. हे पेपर वाचायची तालीम करत होते आणि ऐकायला मी. मधेच म्हणाले, "थांब, तुला दाखवतोच." दोन काचेचे पेले, शुद्ध पाणी, आणि ती काळे डाग पाडणारी बाटली. स्वयंपाकघरातून माझ्याच बरणीतलं मीठ चिमूटभर घेतलं, पहिल्या पेल्यात विरघळवलं, वरून एक थेंब टाकला. पाणी फाटलेल्या दुधासारखं पांढरं झालं.

"हे तुझ्या बरणीतलं. आता हे ऑगस्टच्या कागदाचं पाणी." दुसऱ्या पेल्यात थेंब टाकला. तेही पांढरं.

"बघ," हे लहान मुलासारखे हसत म्हणाले, "एकच मीठ!"

एकच मीठ. मी शिकलेली फक्त सातवीपर्यंत, पण मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. श्रावणात बरणीच्या तळाशी पाणी साचतं, उन्हाळ्यात मीठ खडखडीत असतं. दोन्ही पावसाळ्यांत माझी पुरचुंडी रिकामी आली होती. मीठ कुठं गेलं, असं मी एकदासुद्धा स्वतःला विचारलं नाही. मला वाटलं, दृष्टीनं नेलं.

कसाबसा स्वयंपाक केला आणि भिंतीपलीकडे शशिकलेकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार आहे? नवऱ्याला बंगली मिळते आहे, तू कशाला त्याच्या ताटात माती कालवतेस?" खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तिचं ऐकलं. यांचा कोट इस्त्री केला, दशम्या बांधल्या. पण यांच्याकडे बघवेना. हे त्या आकड्यांवर असा जीव टाकून बसले होते, की एक आकडा गिचमिड झाला म्हणून सबंध पान पुन्हा लिहिलं. हा माणूस दिल्लीत उभा राहून माझं खडेमीठ समुद्र म्हणून सांगणार. उद्या दुसरा कुणी धूपगडावर गेला आणि त्याला मीठ सापडलं नाही, तर? तर हे लबाड ठरणार. ज्यानं कधी ऑफिसची टाचणी घरी आणली नाही, तो लबाड!

मंगळवारी सकाळी, तांगा बोलावून झाला होता, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि सगळं बोलून टाकलं. पुरचुंडी, फ्लॅनेल, चारही खेपा.

हे आधी हसले. मग हसता हसता थांबले. आतून पेटी आणली, सांडशीनं खिळे उपटून फ्लॅनेल काढलं. कोपऱ्यात पांढुरका डाग होता, वहीच्या पानाएवढा. त्यांनी त्याचा तुकडा कापून पेल्यात भिजवला, थेंब टाकला. पाणी कसं झालं ते सांगायला नको.

मी म्हटलं, "मारा मला. बोला काहीतरी!"

"कोरा कागद बरोबर न्यायला हवा होता," हे म्हणाले. माझ्याशी बोलतच नव्हते जणू. "न वापरलेला एक कागद, त्याच पेटीतून वर न्यायचा आणि तसाच परत आणायचा. त्यावरही मीठ दिसलं असतं, म्हणजे लगेच कळलं असतं. मी कोरे कागद इथं कपाटात ठेवले. चूक माझी आहे."

"अहो, मीठ मी ठेवलं!"

"तांगेवाला खोळंबलाय," म्हणाले, आणि दशम्या घेऊन गेले.

पाचव्या दिवशी परत आले. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊनच दारात. काय झालं विचारलं. म्हणाले, पेपर मागे घेतला. उभं राहून सांगितलं, की पेटीत मीठ होतं, आकडे चुकीचे आहेत.

"आणि मीठ आलं कुठून, ते विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं, मी ठेवलं होतं. घरची रीत म्हणून."

मी तांब्या आपटलाच. "तुमच्या तोंडून खोटं जाऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून खरं सांगितलं, आणि तुम्ही तिथं जाऊन खोटं बोललात? हसले असतील सगळे!"

"हसले," म्हणाले. "आकडा खरा पाहिजे. बाकीचं घरचं आहे. आणि हे कुणाला सांगायचं नाही, विजयची शपथ आहे तुला."

केंद्र झालं नाही, बंगलीही नाही. बक्षीसाहेब वर्षभर यांच्याशी धड बोलले नाहीत. पुढं यांनी स्वतःहून दोन पावसाळे धूपगडावर काढले, कोरा कागद बरोबर नेऊन. मीठ सापडलं, अगदी थोडं. असायचंच थोडं, म्हणाले. ते कुणी छापलं नाही. ऑफिसात मात्र यांचं नाव पडलं, नमकवाले बाबू. भोपाळात चहातही चिमूटभर मीठ घालतात, त्यामुळे लोकांना आयतं निमित्तच मिळायचं. चहा आला की कुणीतरी म्हणायचं, "गोपीनाथजी, नमक आप डालेंगे या हम?" विज्ञान शिकलेला माणूस आणि पेटीत मीठ-मोहऱ्या ठेवतो, ही गोष्ट नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगितली जायची. त्यांच्या मागून आलेली पोरं साहेब झाली, हे होते तिथंच राहिले. न्यू मार्केटात भाजी घेताना मागून "नमकवाले बाबू" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. हे मान खाली घालून किंचित हसायचे. त्या हसण्याचा मला फार राग यायचा. वाटायचं, या माणसाला पाठीचा कणा आहे की नाही?

बावीस वर्षं. शपथ होती म्हणून जीभ चावून काढली, आणि माझ्या जिभेला ते किती कठीण गेलं असेल, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

ऐंशी सालाच्या अखेरीस हे रिटायर झाले. निरोप समारंभाला बायकांनाही बोलावलं होतं. साहेब तरुण होता, मनानं चांगला, यांच्याबद्दल भरभरून बोलला. पण शेवटी त्यालाही राहवलं नाही. आमच्या गोपीनाथजींनी एकदा यंत्राची नजर उतरवली होती, म्हणाला, आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. हे गळ्यातला हार सावरत तेच किंचित हसले.

मी उभी राहिले. कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं. माझं हिंदी भाजीबाजारापुरतं, तरी म्हटलं, "वो पोटली मैंने रखी थी. इनको पता भी नहीं था. हँसना है तो मुझपे हँसो, बाईस साल हो गए." विजय तेव्हा सव्वीस वर्षांचा घोडा होता, त्याला आता कसली शपथ बाधते, एवढं मनात म्हणून घेतलं.

कुणी हसलं नाही. साहेब काहीतरी म्हणाला, फोटो निघाला, आम्ही रिक्षात बसलो. मला वाटत होतं, आता हे म्हणतील, बरं केलंस. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असेल यांच्या डोक्यावरचं.

"कुणी सांगितलं होतं तुला उभं राहायला?" हे केवढ्यानं ओरडले! रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. "काय गरज होती?"

"अहो, लोक तुम्हाला हसत होते!"

"हसू देत की! मला काय झालं होतं?" हार काढून त्यांनी मांडीवर टाकला. "मी शेंडेफळ, आई लहानपणीच गेली. काकांच्या घरी वाढलो. कुठंही निघालो तर दार लावून घ्यायला कुणी यायचं नाही. त्या दिवशी फ्लॅनेल काढलं तेव्हा मला कळलं, की मी डोंगरावर होतो तेव्हा इथं कुणीतरी घाबरून बसलं होतं. ते मी दिल्लीतल्या त्या चाळीस माणसांना हसायला द्यायचं होतं का? त्यांनी मला हसावं. ते मी कुणाला दिलं नव्हतं, सुमित्रा. आज तू देऊन टाकलंस."

मी बावीस वर्षं त्या हसण्याला शिक्षा समजत होते. प्रत्येक "नमकवाले"ला यांना माझी आठवण येत होती, आणि ती त्यांना आवडत होती, हे मला मेलीला कधी सुचलंच नाही. न्यू मार्केटच्या ऐन गर्दीत रिक्षा अडकली होती, चहूकडे ओळखीचे लोक. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, यांचा काळा पडलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि हमसून हमसून रडले, आणि हे मला भर रस्त्यात रागावत राहिले, घर येईपर्यंत.